ओझेमच्या बोटांवरचा रुमाल

कारखान्यात सिगार वळून वळून ओझेम लारियूची बोटं पिवळी पडली होती, आणि उरलेल्या वेळात कॉर्नेट, म्हणजे तीन कळांचा पितळी कर्णा, फुंकून फुंकून पुढचा दात हलायला लागला होता. न्यू ऑर्लिन्सच्या त्या वस्तीत जुनी माणसं सांगत, की वाद्यमेळे पूर्वी कवायतीसारखे ताठ वाजवत असत, त्यांच्या सुरांना पहिल्यांदा लचक दिली ती यानं. हे कानावर आलं की ओझेम नुसती मान हलवी. "मी नाही. अकीलनं."

अकील डोमिंग गुत्त्यात पियानोवर रॅगटाइमच्या नाचऱ्या चाली वाजवायचा. त्याचा डावा हात इमानानं ठोका देई आणि उजवा त्या ठोक्याला हुलकावणी देत मागेपुढे धावे. ओझेमनं तो उजवा हात उचलून कॉर्नेटमध्ये घातला, एवढंच.

आता अकील गेला होता. त्याची एक चाल कागदावर कधी उतरलीच नाही. ती अथपासून इतिपर्यंत फक्त ओझेमला येत होती. दफनाहून परतताना तीच वाजवीन, असा शब्द त्यानं अकीलला आजारपणात दिला होता.

"दात आज पडणार," त्याची कॉलर लावता लावता बायको क्लेमॉन्स म्हणाली. "मग काय, मला शिट्टी वाजवून दाखवशील?"

"तुझं गम्बोचं कालवण चावावं लागत नाही, तोवर माझं बरं चाललंय."

"जीभ तेवढी शाबूत आहे," ती पुटपुटली.

दफनभूमीपर्यंत मेळा संथ भजनं वाजवत गेला. ती ओझेमला जड गेली नाहीत. अकीलला थडग्यात ठेवून सगळे फाटकाबाहेर आले, परतताना उडती चाल वाजवायच्या रीतीप्रमाणे ढोलवाल्यानं ढोलाचा आवाज दाबणारं फडकं काढलं, तेव्हा ओझेमनं नेहमीसारखा उजव्या हातावर रुमाल पसरला. कोणत्या वेळी कोणती कळ दाबली हे शेजाऱ्याला दिसू नये म्हणून सगळेच जुने कॉर्नेटवाले असं करत. चाल चोरणं सोपं होतं, राखणं अवघड.

"पापा ओझेम, आज तरी काढा तो," दुसरा कॉर्नेटवाला इझिडोर म्हणाला.

"तुझ्या बापालाही नाही दाखवलं."

"बाप सुतार होता. त्याला काय करायचं होतं?"

ओझेमनं चाल उचलली. पहिला भाग सरळ गेला. मागच्या गर्दीत छत्र्या उघडल्या, पाय थिरकायला लागले. दुसऱ्या भागात सूर वर चढला आणि तोंडात रक्ताची चव आली. सूर फाटला. त्यानं पुन्हा लावून पाहिला, तर नुसती हवा निघाली. गर्दीतले पाय अडखळले. तिसरा भाग तर अजून बाकीच होता.

दातापेक्षा त्याला दुसराच थकवा आला होता, इतकी वर्षं काहीतरी झाकून धरल्याचा. त्यानं रुमाल ओढला आणि तोंडाला लावला. बोटं उघडी पडली.

"बघ," तो इझिडोरच्या खांद्याला खांदा लावून चालू लागला. मिटल्या तोंडानं गुणगुणत तो मुक्या कॉर्नेटच्या कळा दाबत राहिला. इझिडोर चाचपडत मागोमाग आला.

"घाई करू नकोस. उजवा हात उशिरा येतो."

"इथं कुठला उजवा हात, पापा?"

"आहे. तू वाजव."

तिसऱ्या भागापर्यंत इझिडोरला सूर गवसला होता. मग एका जागी त्यानं वळण घेतलं ते अकीलचं नव्हतं. ओझेमचं बोट त्याला अडवायला सवयीनं उठलं. त्यानं ते खाली घेतलं. पुढच्या वळणावर इझिडोरनं त्याच्या हाताकडे पाहिलंही नाही.

ओझेम रांगेतून बाजूला झाला. मेळा पुढे गेला, आणि मागची गर्दी क्लेमॉन्सला घेऊन त्याच्यापाशी आली.

"नीट वाजवतोय का तो?"

"नाही." त्यानं रुमालात थुंकून पाहिलं. त्यात दात पडला होता. "म्हणजे, अकीलसारखं नाही."

"मग सांग ना त्याला."

"पाय दुखतात गं. एवढ्या पुढे कोण जाणार?"

तिनं छत्री त्याच्या डोक्यावर धरली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो मेळ्यामागून, लोकांतला एक होऊन, सावकाश चालत राहिला.