वरातीत वाजलेलं गाणं

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीही पाहिल्या. तरी कोणी आठवणी विचारल्या की मला सगळ्यांत आधी आठवते ती एका पिशवीची चोरी. मी बुलढाणा जिल्ह्यातलाच. निवृत्तीच्या काही वर्षं आधी घाटावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. लग्नसराईचे दिवस होते. सकाळची हजेरी घेऊन मी वरातींचे बंदोबस्त वाटून देत होतो, तेवढ्यात उंद्रीकडचा एक पस्तिशीचा माणूस दारात येऊन उभा राहिला. डोळे लाल, पण आवाज ठाम.

"साहेब, माहा पिक्चर चोरीले गेला," तो म्हणाला.

त्याला आम्ही सगळे ओळखत होतो. आवाजाची मर्यादा ओलांडली म्हणून त्याचा टेम्पो ठाण्याच्या आवारात एकदोनदा उभा राहिला होता. पंचक्रोशीतला नावाजलेला डीजे. आधी दुसऱ्याच्या टेम्पोवर वायरी जोडायचा, मग स्वतःचे स्पीकर घेतले, जुन्या कॉम्प्युटरवर गाणी जुळवायला शिकला. लोकांची गाणी वाजवून कंटाळला तेव्हा वऱ्हाडीत स्वतःची गाणी बांधू लागला. ती मोबाइलवरून घरोघर गेली. बुलढाण्याच्या काही कॉलेजच्या पोरांनी लघुपट केला, त्याला यानं संगीत दिलं. तिथून त्याला सिनेमाचं वेड लागलं. तीन वर्षं खपून त्यानं एक पूर्ण चित्रपट उभा केला. गोष्ट, संगीत आणि दिग्दर्शन त्याचंच. नट सगळे आसपासचे: शाळेतले गुरुजी, एसटीचे वाहक, बाजारात बांगड्या विकणाऱ्या बाई.

हा सगळा चित्रपट दोन हार्डडिस्कमध्ये होता. एक मूळ आणि एक जादा प्रत, पण दोन्ही एकाच पिशवीत. पिशवी त्याच्या रेकॉर्डिंगच्या खोलीतून गेली होती. खोलीत महागडे माइक आणि कॉम्प्युटर होते, त्यांना हात लागला नव्हता. कुलूपही शाबूत होतं. महिनाभरावर बुलढाण्यात पहिला खेळ ठरलेला होता.

मी फिर्याद लिहून घ्यायला सांगितली. डिस्कमध्ये नेमकं काय आहे असं हवालदारांनी विचारलं, तेव्हा तो प्रसंग सांगू लागला आणि सांगता सांगता मुख्य गाण्याची ओळ गुणगुणला, "कपाशीले फूल आलं, मले तुही याद आली." गाणं पुण्याच्या एका गायकाकडून गाऊन घेतलंय, अजून कोणी ऐकलेलं नाही, असं त्यानं सांगितलं. हवालदारांनी तेही जबाबात घेतलं.

संशय कोणावर, असं विचारलं की माणूस आधी आपल्या धंद्यातल्या माणसाचं नाव घेतो. यानं घेतलं नाही, गावानं घेतलं. खामगाव रस्त्यावरचा दुसरा एक डीजे याच्याशी स्पर्धेत होता. मी त्याला बोलावलं. तो न घाबरता बसला. म्हणाला की त्याचं गाणं मला वाजवायचं असतं तर मी त्यालाच मागितलं असतं, तो कधी नाही म्हणत नाही. खोटं बोलणारा माणूस बहुधा गरजेपेक्षा जास्त बोलतो. हा दोन वाक्यं बोलून गप्प बसला. मी त्याला जाऊ दिलं.

पुढे काहीच हाती लागेना. फिर्यादी मात्र रोज सकाळी ठाण्यात यायचा, बाकावर बसायचा, काय झालं ते विचारायचा आणि जायचा. डिस्क नाही सापडल्या तर पुन्हा शूटिंग करीन, असं त्यानं मला एकदा शांतपणे सांगितलं. त्याच्या त्या चिकाटीमुळे मलाही फाइल बाजूला ठेवता येईना.

धागा मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी. फिर्याद लिहिणारे हवालदार भाचीच्या लग्नाला घाटाखाली पिंपळगाव राजाला गेले होते. वरातीत डीजेवर तीच ओळ वाजली. त्यांनी नाचणाऱ्या पाहुण्यांतून वाट काढली, डीजेवाल्याकडून गाणं आपल्या मोबाइलवर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ठेवलं. डीजेवाल्याकडे ते कुठल्याशा ग्रुपवरून फिरत आलं होतं. मूळ कोणाचं, ते त्याला माहीत नव्हतं.

मी फिर्यादीला बोलावून गाणं ऐकवलं. त्याला आनंद होईल असं वाटलं होतं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, "साहेब, तक्रार राहू द्या. मी पुन्हा शूटिंग करतो."

रोज ठाण्याच्या पायऱ्या चढणारा माणूस चोर दिसू लागल्यावर मागे फिरतो, याचा अर्थ चोर त्याच्या ओळखीचा असतो. शिवाय एक गोष्ट माझ्याही कानाला लागली होती. 'मले' हा शब्द मोबाइलवरच्या त्या गायकानं जसा म्हटला तसा पुण्याचा माणूस म्हणूच शकत नाही. मी त्याला सरळ विचारलं, हा आवाज कोणाचा? त्यानं टेबलावरचा मोबाइल उलटा करून ठेवला. मग सगळं सांगितलं.

आवाज त्याच्या जुन्या जोडीदाराचा होता. भाजीपाला पिकवणारा माणूस, पण गळा गोड. डीजेच्या टेम्पोवर उभा राहून तो दहा वर्षं गायला होता. हे गाणंही आधी त्यानंच गायलं होतं. मग संकलन करणारा पुण्याचा माणूस म्हणाला की आवाज गावठी वाटतो आणि मध्येच एका जागी गायक अडखळलाय. डीजेनं गायक बदलला. जोडीदाराला मात्र सांगितलं नाही. अजून बाहेर न गेलेला जाहिरातीचा तुकडा खोलीत लागला होता, त्यात दुसऱ्याचा आवाज ऐकून त्याला ते कळलं. खोलीची एक किल्ली अजून त्याच्याकडे होती, हे डीजेला गाणं ऐकल्यावरच आठवलं.

मी जोडीदाराला ठाण्यात बोलावलं. तो पहिल्यांदा काहीच कबूल करेना. किल्ली हरवली म्हणाला, पिक्चरशी माझा संबंध नाही म्हणाला. आवाज चढवून उपयोग नव्हता. मी चहा मागवला आणि मोबाइलवर गाणं लावलं. त्याची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरू लागली. त्या ठरावीक जागेवर गाणं आलं तसं मी बंद केलं आणि म्हणालो, "येथी गाणाऱ्याची गलती झाली, असं म्हणतात."

"गलती नाही थे," तो ताडकन बोलला. "येथी मी मुद्दाम थांबलो होतो. आठवण येते तवा माणूस थांबतेच ना साहेब."

पिक्चरशी संबंध असल्याचं आपण कबूल करून बसलो, हे बोलून गेल्यावर त्याला कळलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"काऊन नेलं बे?" मी विचारलं.

"पिक्चर बुडवाले नाही नेलं. मले फक्त माहं गाणं पाह्यजे होतं. कोणत्या डबीत हाय ते समजे ना, म्हणून पिशवीच उचलली. मंग वापस द्याची हिंमत नाही झाली."

मोबाइलच्या दुकानात डिस्क जोडून त्यानं आपलं जुनं गाणं काढून घेतलं होतं आणि एका नातेवाइकाला पाठवलं होतं. तिथून ते वरातीपर्यंत गेलं. पंचांसमक्ष त्यानं शेतातल्या टिनाच्या खोलीतून, ठिबकच्या नळ्यांच्या भेंडोळ्यांखालून पिशवी काढून दिली. पंचनामा झाला, मुद्देमाल सील झाला. कोर्टाच्या आदेशानं डिस्क सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायच्या लेखी हमीवर, फिर्यादीला मिळाल्या. पण त्या खोलीतल्या तापानं दोन्ही बिघडल्या होत्या. खटपट करून बराचसा भाग निघाला, शेवटचे प्रसंग निघाले नाहीत. बुलढाण्याचा ठरलेला खेळ रद्द झाला.

डीजे रडत बसला नाही. त्यानं गुरुजींना, वाहकांना, बांगड्यावाल्या बाईंना पुन्हा गोळा केलं आणि शेवट नव्यानं चित्रित केला. दरम्यान जामिनावर सुटलेल्या जोडीदाराच्या मळ्यात तो स्वतः गेला. पहिल्या खेपेला जोडीदारानं त्याला बांधावरूनच परत पाठवलं. चोर म्हणून गावात नाव झालंय, आता तुझ्यासाठी काय गाऊ, असं म्हणाला. डीजे पुन्हा गेला, पुन्हा गेला. शेवटी त्यानं जोडीदारासमोर कबूल केलं, "चोरी तू केली, पण न सांगता तुले काढलं मी." त्या वाक्यावर दोघांचं बोलणं सुरू झालं. कुलूप फोडलेलं नव्हतं, साधी चोरी होती. अशा गुन्ह्यात तडजोड चालते; कोर्टाच्या परवानगीनं दोघांनी ती केली आणि खटला मिटला.

चित्रपट पुढे बुलढाण्याच्या एका मंगल कार्यालयात दाखवला गेला. मी साध्या कपड्यात मागच्या रांगेत बसलो होतो. गाणं जोडीदाराच्याच आवाजात होतं. लोकांनी ते थांबवून पुन्हा लावायला लावलं. तो स्वतः पुढच्या रांगेत बायकोशेजारी बसला होता, मान वर करून.

चोरी झाली की फायदा कोणाचा, असं विचारायचं प्रशिक्षणात शिकवलं होतं. ते बरोबरच आहे. पण या केसनंतर मी तपासी अंमलदारांना आणखी एक प्रश्न विचारायला लावू लागलो: या कामातून अलीकडे कोणाला वगळलं? पुष्कळ गुन्ह्यांचं उत्तर तिथं सापडलं. आणि काही वेळा, गुन्हा घडायच्या आधीच जाऊन त्या माणसाशी बोलता आलं.