तीन ग्रॅमचा संशय

त्याला सगळे भिंग म्हणत. कारण बारीक बघायचं एक भिंग दोरीने कायम त्याच्या गळ्यात लटकलेलं असे, आणि आंघोळीलासुद्धा निघत नाही असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी पारखून त्यांची किंमत ठरवून देणं हा त्याचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, त्यावर हवा तसा वाकवता येणारा दिवा, सोनाराकडे असतो तसा छोटा काटा आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरचा डबा. कुणी कॅसेट आणली की भिंग आधी कॅसेटकडे बघतच नसे, आणणाऱ्याकडे बघे. मग लेबलाचा वास घेई, स्क्रूंवर ओरखडे आहेत का पाही, आणि शेवटी कॅसेट उघडून आतलं बोर्ड तपासे. "खरी आहे" असं तो कुणालाच कधी म्हणाला नाही. "खोटी वाटत नाही" ही त्याची सगळ्यात मोठी शाबासकी. संग्राहक मंडळी तेवढ्यावरही आनंदाने घरी जात.

त्यालाही कारण होतं म्हणा. धंद्याच्या सुरुवातीला एका गोडबोल्याने त्याच्या गळ्यात एक सीलबंद खोका मारला होता. वरचं प्लास्टिक शाबूत, कोपरे कोरे, आणि आत लाकडाचा तुकडा. तेव्हा दुधाने तोंड पोळलं, तेव्हापासून भिंग ताकच काय, पाणीही फुंकून प्यायला लागला. दूधवाला, डॉक्टर, जिन्यातला विजेचा मीटर, सगळे त्याच्या यादीत होते.

त्याच्या कपाटात एकच चीज अशी होती की जिची किंमत तो कुणाला सांगत नसे. बेडकाची गेम. हिरवा बेडूक, तरंगत्या फळ्या, एकीवरून दुसरीवर उड्या मारत विहिरीबाहेर पडायचं. लहानपणी तो आणि त्याचा धाकटा भाऊ शाळेतून आले की दप्तर न काढताच ती खेळायला बसत. भिंगाचा बेडूक नेहमी मधल्याच फळीवरून पडे. धाकटा मात्र थेट वर जाई, आणि वर गेला की "दादा, आता तू घे," म्हणून रिमोट त्याच्या हातात देई. ती कॅसेट पुढे हरवली. मोठेपणी भिंगाला तीच गेम मिळाली, पहिल्या आवृत्तीची, प्लास्टिकमध्ये बंद, कुणी कधीच न उघडलेली. सील तुटलं की ती नुसती जुनी कॅसेट होणार, म्हणून उघडायचा प्रश्नच नव्हता. दर रविवारी भिंग ती काट्यावर ठेवी. कुणी आतला माल बदलला तर वजन खोटं बोलत नाही, हा या धंद्यातला नियम. वजन त्याला स्वतःच्या जन्मतारखेसारखं पाठ होतं.

धाकट्याशी त्याचा मधे बराच काळ अबोला होता. कारण अर्थातच संशय. धाकट्याच्या लग्नात भिंगाचं घड्याळ हरवलं आणि भिंगाने नवरदेवाचेच खिसे तपासले. घड्याळ नंतर भिंगाच्याच बुटात सापडलं. त्यावर माफी मागायची सोडून, "बुटात कुणी ठेवलं?" असं विचारणारा माणूस तो. अखेर भिंगाच्या बायकोनेच दिराला फोन करून बोलावलं. "तुम्हा दोघांना दुसरं आहे तरी कोण?" असं तिने दोघांनाही वेगवेगळं सुनावलं होतं.

धाकटा आला. औषधाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होता. खोक्यांवर गरम हवेने प्लास्टिक चढवायचं यंत्र चालवायचा. येताना दादासाठी तिथल्याच ओल शोषणाऱ्या पुड्यांची भली मोठी पिशवी घेऊन आला. "कपाटात ठेव दादा. तुझ्या पुठ्ठ्यांना बुरशी येणार नाही." भिंगाने दोन पुड्या फोडून हुंगल्या आणि मग कपाटभर रचून ठेवल्या. आठवडाभर दोघं हसलेखिदळले. धाकटा त्याच खोलीत, कपाटासमोर गादी टाकून झोपे.

तो गेला आणि रविवारी भिंगाने बेडकाचा खोका काट्यावर ठेवला. तीन ग्रॅम कमी.

काटा पुसला, खोका पुन्हा ठेवला. तीन ग्रॅम कमीच. भिंगाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली की ती संध्याकाळपर्यंत मगर व्हायची. झोपायला याच खोलीत. हाताशी प्लास्टिक चढवायचं यंत्र. वर गोड बोलून पुड्यांची भेट! सुतावरून स्वर्ग गाठायला त्याला एवढं पुष्कळ होतं.

"अहो, काटा बिघडला असेल," बायको म्हणाली.

"काटा कसा बिघडेल? माणसं बिघडतात."

तिने फोन ओढून घ्यायच्या आत त्याने भावाला विचारलं, "माझी कॅसेट कुठाय?"  धाकटा एवढंच म्हणाला, "येतो."

पुढच्या रविवारी तो आला तो बूट काढून थेट टेबलासमोर बसला. पाणीही घेतलं नाही.

"उघड."

"सील तोडलं तर संपलं रे सगळं."

"नाही तोडलंस तरी संपलंच आहे, दादा. उघड."

भिंगाने ब्लेड घेतलं. पातीने प्लास्टिक कापलं तेव्हा बायकोने दाराशी उभ्या उभ्या डोळे मिटून घेतले. आत पुस्तिका, आणि तिच्याखाली कॅसेट. हिरवा बेडूक, कोरं करकरीत लेबल. भिंगाने ते हुंगलं. खोटं वाटत नव्हतं.

"मग तीन ग्रॅम गेले कुठे?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

धाकट्याने उठून कपाट उघडलं, एक पुडी घेतली आणि काट्यावर टाकली. तिच्यावर छापलेल्या वजनापेक्षा ती जड भरली. "ओल प्यायलीय. या प्लास्टिकला बारीक भोकं असतात, पुठ्ठा आतल्या आत वाळला. आमच्याकडे रोज बघतो आम्ही." तो ओशाळून हसला. "माझ्याच पुड्यांनी घात केला म्हणायचा."

भिंगाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.  बायकोने मागच्या मागे गेम खेळायचं जुनं मशीन टीव्हीला जोडलं, आणि बेडकाचं टिंगटिंग संगीत ऐकायला तिचेही कान आतुर झाले. धाकट्याने कॅसेट उचलून भावापुढे धरली.

"उघडलीच आहे तर खेळू या की. आधी तू घे, दादा."

भिंगाने कॅसेट घेतली. उलटी केली. आणि त्याचा दुसरा हात, सवयीने, स्क्रू ड्रायव्हरच्या डब्याकडे गेला.

"एक मिनिट हं. आतलं बोर्ड तेवढं बघतो."

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. धाकटा त्या हाताकडे बघत राहिला.

"बघ," तो हळूच म्हणाला, आणि बूट घालायला दाराकडे गेला. वहिनीने हाक मारली. तिला नमस्कार करून तो जिना उतरला.

भिंगाने स्क्रू काढले. बोर्ड अस्सल होतं. पहिल्या आवृत्तीचं, हात न लागलेलं.

"खरी आहे," तो आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हणाला. "अरे, खरी आहे!" जिन्यात ऐकायला कुणी नव्हतं.