शालू अन् आमच्या गावचा एकच फोन

शालू गेल्याचा निरोप किराणा दुकानातल्या फोनवर आला. आमच्या गावात फोन तेवढा एकच. दुकानवाला रामदास तळ्यावर, आमच्या बोडीच्या पाळीवर धावत आला, पायात चप्पलबी नोती. मी जाळं धूत होती. "काऊन भाऊ, का झालं?" म्हटलं. "शालू…" एवढंच म्हणे. मले समजलं. जाळं पुरं धुतलं, वाळू घातलं, मंग बसली.

शालू माया बहिणीची पोरगी. बहीण मेली तवापासून मायाजवळच वाढली. तिले रक्ताचा आजार होता, सिकलसेल. हाडं ठणकाची, पण पोट्टी रडाची नाई, गोधडीचा कोपरा चावत पडून राहाची. जरा बरं वाटलं का माया मांगं बोडीवर हजर. एकदा तिनं जाळ्यात सरळ हात घातला, अन् मासोळ्यांत पाणसाप! मी हातावर एक ठेवून देली. "आंधी झटक, पाय, मंग हात घाल. जाळ्यात येते ते सगळं मासोळीच नसते."

ते तिनं जन्मभर धरलं. ब्रह्मपुरीले कॉलेजात कंप्युटर शिकली, तिथीच एका दवाखान्यात लागली. मोठमोठ्या गावाईच्या आरोग्य सेंटरवरून सिकलसेलवाल्यांचं अन् बाकी बिमाराईचंबी नाव इंटरनेटवर टाकाचं, तिकडून त्याईले दवाखान्याचा नंबर भेटाचा… तो प्रोग्राम तिनं बनवला. मले सांगे, "मावशी, लोक काईबी टाकतेत. वयाच्या जागी नाव, नावाच्या जागी वय. अन् एखादा बदमाश असं काई लिवते का आतलं सारं चोरून नेईन. म्हून मी पहिले झटकून पायतो, मंगच आत घेतो."

"पाणसाप हाये का म्हून?"

"हो, पाणसापच!" लय हासली.

मंग शेजारच्या कौसल्याची पोरगी, तिलेबी शालूवालाच आजार, दुखण्यानं लोळाले लागली. सेंटरवर नाव टाकलं, तर मशीन म्हणे, नोंद पहिलेच झाली, दुसऱ्यांदा होत नाई. दोनदा गेली, दोनदा वापस. कौसल्या माया दारात आली. "तुयी शालू मोठी सायबीन झाली वं बाई! तिच्या मशीनले माई पोरगी दिसत नाई. मेल्यावर दिसन का?" मी तशीच उठली, दुकानात जाऊन शालूले फोन लावला.

तिनं सेंटरवर का झालं ते सारं पुसून घेतलं, मंग म्हणे, "मावशी, गावात फोन एकच हाये ना?"

"मंग का दोन हायेत?"

"एका फोन नंबरवर एकच माणूस, असं धरलं मी. रामदासभाऊच्या फोनवर एक नाव आलं, का बाकीच्या गावाले दार बंद. त्याच फोनवर मी तुयाशी बोलतो, अन् तेच इसरली… साप म्हून मासोळी फेकली."

तवा तिचीबी हाडं ठणकत होती. तरी जीपगाडीनं आली, पोरीले मांडीवर घेऊन ब्रह्मपुरीले गेली, रक्त चढवलं. पोरगी वाचली. कौसल्या तिच्या पाया पडाले गेली, तर म्हणे, "काकू, पाया नोको पडू. एक वाळला बोंबील भाजून दे." मंग मशीनचं दुरुस्त केलं. मले म्हणे, "आता झटकतो, पण हाकलत नाई. इचारतो." काय इचारते, ते मी पुसलं नाई. मले कंप्युटरचं काय समजते!

पावसाळ्यात तिचंच दुखणं वाढलं. ज्या दवाखान्यात दुसऱ्याईले नंबर देत होती, तिथीच गेली. तिशीबी पाह्यली नाई पोरीनं.

तेरवी झाली. मंग माया गुडघा धरला, त्याच दवाखान्यात दाखवाचं म्हून सेंटरवर गेली. तिथल्या पोरीनं नाव टाकलं, वय टाकलं, रामदासचा नंबर टाकला, अन् थांबली. म्हणे, "आजी, या फोनवर तुमच्या गावचे लय जण हायेत. मशीन इचारून राह्यली."

"काय इचारते?"

तिनं वाचून दाखवलं, "तुम्ही कोणाच्या घरचे?"

आमच्या गावात नवा माणूस आला का हेच इचारतेत. शालूबी लहानपणी पाळीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याले हेच इचारे…

"सांगा ना आजी, काय लिवू?"

"लिव माय," म्हटलं, "शालूच्या."

तिनं लिवलं. मशीननं घेतलं.