डेलबर्टच्या वाकड्या काठ्या

माझ्या बहिणीचा नवरा डेलबर्ट कागदाच्या कारखान्यातून निवृत्त झाला आणि त्याने सगळ्यांचं डोकं खायला घेतलं. निमित्त आर्लीसच्या क्यूचं, म्हणजे पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळातल्या काठीचं. माझी ही बहीण गेली तीस वर्षं विस्कॉन्सिनच्या आमच्या या कोपऱ्यात पूलच्या टेबलावर भल्याभल्यांना पाणी पाजत आलीय. तिचा जुना क्यू गाडीच्या दारात सापडून मोडला. दार लावणारे आमचे डेलबर्टसाहेबच. नवा विकत आणू म्हटलं, तर हा अडून बसला, मीच बनवणार.

जन्मात साधं स्टूल केलं नव्हतं याने! तळघरात लाकूड कातायचा लेथ आणला, मेपलच्या काठ्या आणल्या आणि पंधरा दिवसांत क्यूचा पुढचा निमुळता भाग तयार केला. गुळगुळीत, देखणा. टेबलावर लोळवला, तर टोक टकटक उड्या मारायला लागलं, म्हणजे काठी वाकडी.

शेजारच्या गावात नीमन नावाचे म्हातारे क्यू करतात. त्यांनी याला समोर बसवून समजावलं होतं. लाकूड केसभर तासायचं, मग काही महिने टांगून ठेवायचं. तासलं की ते वाकायला बघतं. त्याचं सगळं वाकून झालं की पुन्हा केसभर. दोन वर्षं धर. पण हा सोमवारी तासणार, मंगळवारी मोजणार, बुधवारी परत तासणार. वर लवकर सुकावं म्हणून काठ्या टांगल्या कुठे, तर घर तापवायच्या भट्टीशेजारी! तेवीस काठ्या वाया गेल्या. आर्लीसच्या बागेत टोमॅटोच्या प्रत्येक रोपाला उंची मेपलचा आधार आहे.

शेवटी माझं टाळकं सटकलं. "अरे, थांबायला काय होतं तुला?" असं मी ओरडलोच.

त्याने लेथ बंद केला. "तिची बोटं बघितलीस? कॉफीचा कप दोन हातांनी धरते. अजून किती दिवस खेळेल ती? मी दोन वर्षं थांबू?"

दर मंगळवारच्या सामन्यात ती बारमधला भिंतीवरचा क्यू घेऊन हरत होती आणि मी दोष क्यूला देत होतो.

परवा चोविसावी काठी वाकली. त्याने ती कोपऱ्यात भिरकावली आणि जिन्यावर डोकं धरून बसला. तेव्हा आर्लीस एक जाडसर काठी घेऊन खाली आली. त्याच्या पहिल्याच गठ्ठ्यातली, एकदाच तासलेली. वर्षभर ती माझ्या घरी कपाटात, कोटांच्या रांगेत टांगलेली होती. आर्लीसनेच गुपचूप आणून दिली होती आणि तोंड बंद ठेवायला बजावलं होतं.

तिने ती कामाच्या बाकावर लोळवली. काठी सरळ गेली, आवाजसुद्धा नाही. डेलबर्ट उठून लेथकडे धावला.

"केसभरच," आर्लीस म्हणाली. "मग मी परत लपवणार."

"अगं, पण तुझी बोटं..."

"बोटांचं मी बघते. केसभर झालं की तू लाकडाला हात लावू नकोस."

त्याने केसभरच तासली. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, कुठे ठेवते रे ती? मी खांदे उडवले.

बाहेर आर्लीसने काठी माझ्या गाडीत मागच्या सीटवर आडवी ठेवली. मी दार लावायला पुढे झालो.

"थांब," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी तिनेच ते सावकाश लावलं.