तुळजाबाईंची पालथी ताटली

बेंबळीच्या तुळजाबाई रोज सकाळी माळवदावर चढायच्या आणि आदल्या सांजेला पालथ्या ठेवलेल्या पितळी ताटलीवरनं बोट फिरवायच्या. बोटाला पिवळट, खरखरीत लागलं तर तो रानातला फुफाटा; वारा पडला की आपसूक खाली बसायचा, मग ऊन कडक. बोट काळं, तुपकट झालं तर ती काजळी. कुणीतरी काहीतरी पेटवलंय, आणि ती पीडा दोन-तीन दिवस हलायची नाही. बायका हसायच्या. हसोत बापड्या! कुरडई वाळणार की आंबणार, हे बाईंइतकं पंचक्रोशीत कुणाला कळत होतं?

पंच्याऐंशीचा उन्हाळा. मागल्या साली पावसानं दगा दिलेला. बाईंनी वीस बायका जमवून कुरडया-पापडांची सहकारी सोसायटी काढली होती आणि सोलापूरच्या एका वसतिगृहाची पहिलीच मागणी आली होती. शुक्रवारी त्यांची गाडी येणार. तोवर कुरडया वाळल्या नाहीत तर मागणी गेलीच, वर ‘बायकांची कसली सोसायटी’ म्हणणारे गावभर खरे ठरणार. बाईंना त्याचाच घोर लागलेला.

अशात आण्णासाहेबांनी घोळ घातला. सरपंच माणूस, मनानं सोन्यासारखा, पण डोक्यात एकदा काही शिरलं की निघायचं नाव नाही. रेडिओवरच्या एका भाषणात त्यांनी ऐकलं, की हवेत कण असल्याशिवाय ढगात थेंबच धरत नाही. एवढं ऐकून ते उठलेच. कण कमी पडतायत ना, मग आपण पुरवू, म्हणाले. सोमवारी हलगी वाजवत सगळ्या गावानं धसकटं, तुराट्या, बांधावरचं वाळकं गवत पेटवलं. खोटं कशाला सांगा, पाऊस कुणाला नको होता? बाईंनीही तुराट्यांचा एक भारा हौसेनं टाकला.

मंगळवारी ऊन आजारी माणसासारखं फिकं पडलं. बोट काळंकुट्ट, कुरडया लिबलिबीत. बुधवारी तेच. वरचा धुरकट पडदा बघून आण्णासाहेब मात्र खूश. ढग जमायला लागले, आता उद्या दुसरी खेप पेटवायची, असं त्यांनी चावडीवर सांगून टाकलं. तुळजाबाई तडक शाळेतल्या शिक्षिका गिरिजाबाईंकडे गेल्या. गिरिजाबाईंनी रेडिओवरचं ते भाषण शेवटपर्यंत ऐकलेलं होतं; पुढचं त्यांनी बाईंना समजावून सांगितलं.

संध्याकाळी तुळजाबाई कुरडयांच्या चिकाचं पातेलं, ताट आणि सूप घेऊन चावडीवर हजर. सगळ्यांदेखत त्यांनी पळीभर चीक ताटात ओतला, त्याचा जाड गोळा बसला; ताट कलतं करताच तो घसरून खाली पडला. दुसरी पळी ठिपक्याठिपक्यानं सुपावर शिंपडली. सूप उभं धरलं तरी ठिपके सुपालाच चिकटून राहिले, खाली एक पडला नाही.

“आण्णासाहेब, त्या भाषणात फुडं सांगितलं हुतं, ढगातलं पाणी ठरलेलंच, या पळीभर चिकाएवढं. फुफाट्याचे कण मोठे अन् थोडके, एकेकाला पोटभर पाणी मिळतं, थेंब जड हुतो, खाली येतो. धुराचे कण लई बारीक अन् बेसुमार. समद्यांनी वाटून घेतल्यावर कुणाचंच वजन भरत न्हाय. पाऊस वरच ऱ्हातो, अन् खाली आमचं ऊन अडतं. म्याबी भारा टाकला, माझीबी चूक हाय.”

आण्णासाहेबांनी सूप उचलून पालथं केलं, झटकलं, पुन्हा बघितलं.

“म्हंजे आमी भाषणाच्या मधूनच उठलो, असं म्हणा की.”

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. दुसरी खेप रद्द झाली आणि धुमसणाऱ्या धसकटांवर माती ओढायला आण्णासाहेब स्वतः फावडं घेऊन निघाले. पहाटे वारा सुटला. गुरुवारी असं रणरणतं ऊन पडलं की बाईंना रडूच फुटलं. शुक्रवारी दुपारी कुरडया कडकड वाजत गाडीत चढल्या.

पाऊस त्याला वाटलं तेव्हाच आला. पण पुढं दर उन्हाळ्यात बेंबळीत बांधाला काडी लावायची झाली, की माणूस आधी तुळजाबाईंच्या माळवदाखाली येऊन उभा राहायचा आणि वर बघून विचारायचा, “बाई, कुरडया वाळल्या का?” सगळ्यात पहिले यायचे ते आण्णासाहेब.