धुतलेलं रीळ

आर्या, निहार, तुमची आत्याआजी गेल्याला महिना झाला. फोन केला तेव्हा तुम्ही कामाला निघाला होता, बोलणं झालं नाही. सुट्टीत तुम्ही तिच्याकडून एका सिनेमाची गोष्ट अर्धीमुर्धी ऐकली होती. ती सांगणारं आता कोणी नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या आजोबांचे वडील, म्हणजे माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे बाबा म्हणायचो, ते तरुणपणी एका मूकपटात होते. त्याची गोष्ट अशी की कोकणातल्या मुलीला गलबतात घालून पळवून आफ्रिकेला, जंजिबारला नेतात आणि तिचा भाऊ तिला सोडवायला जातो. बाबा त्यात नावाडी होते. जंजिबार म्हणजे वर्सोव्याची वाळू, असं ते हसून सांगत. पुढे बोलपट आले, कंपनी बुडाली, बाबा अंबरनाथला कारखान्यात लागले. मूकपटाची प्रत कुठेच राहिली नाही. बाबांकडे पत्र्याच्या डब्यात एक रीळ तेवढं होतं. दिवाळीच्या साफसफाईत रंजनाताईंना, तुमच्या आत्याआजीला, त्यावर बुरशी दिसली. त्या तेव्हा शाळकरी. बाबा खूश होतील म्हणून त्यांनी रीळ सोड्याच्या कढत पाण्यात घातलं, हलक्या हाताने चोळलं आणि दोरीवर वाळत टाकलं. संध्याकाळी बाबा आले तर दोरीवर नुसत्या काचेसारख्या पट्ट्या, चित्र एकही नाही... "रंजे, एवढा लख्ख तर मी आंघोळ करूनही कधी झालो नाही," ते म्हणाले. त्या रात्री जेवले मात्र नाहीत.

मग ताईंनी बाबांना विचारून विचारून अख्खा मूकपट पाठ केला. माझ्या लग्नानंतर त्या माहेरपणाला आल्या की लाटण्याचं वल्हं करून स्वयंपाकघरात उभ्या राहायच्या. "सुनंदा, सरक तिकडे, नाव वळतेय." घरातल्या प्रत्येक मुलाने तो सिनेमा असा पाहिला. एकदाच पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "सगळं करून दाखवते गं. पण बाबा त्यात कसे दिसायचे, ते मी कुठे पाहिलं होतं?"

शेवटची भेट सोनिवलीला, त्यांच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये. बरंच विसरायला लागल्या होत्या. माझा हात धरून त्यांनी विचारलं, "त्या मुलीला सोडवलं ना गं?"

"सोडवलं, ताई."

"कोणी?"

सोडवतो तो भाऊ. नावाडी वाटेतच बुडतो. हे मला त्यांनीच कितीदा सांगितलं होतं...

"बाबांनी," मी म्हटलं.

"मग बरं झालं."

मूकपटाचं आता काहीही शिल्लक नाही. गोष्ट आहे, मला आठवते तेवढी. तिचे आता दोन शेवट आहेत.