उजव्या अंगठ्याचा ठसा

ती घटना आठवली की आजही माझा उजवा अंगठा आपोआप मुठीत जातो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ही सवय काही गेली नाही.

दोन हजारच्या दशकाची ती मधली वर्षं होती. चेन्नईच्या दक्षिणेला, शोळिंगनल्लूरजवळच्या एका ठाण्यात मी इन्स्पेक्टर होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्यामागे अजून म्हशी चरत होत्या. मे महिना होता. इकडे त्या दिवसांना अग्निनक्षत्र म्हणतात. सकाळची हजेरी संपवून मी स्टेशन डायरी बघत होतो, तेवढ्यात हेड कॉन्स्टेबल आत आले आणि हसत म्हणाले, "सार, उंग ऊर भाषै!" म्हणजे तुमच्या गावची भाषा.

गाव माझं कावेरीकाठचं. आमचं घराणं तंजावरकडचं मराठी. वडील तिथल्या एका छत्रात, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, आचारी होते. घरात मराठी, शाळेत तमिळ. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तोही तमिळच्या मास्तरांनी कॉलेजची फी भरली म्हणून. त्यांनी जुन्या तमिळचे पद्यपाठ माझ्याकडून घोकून घेतले होते. त्याचा उपयोग पोलीस ठाण्यात होईल असं त्यांनाही वाटलं नसेल.

बाहेर बाकावर एक तरुण बाई बसली होती. कोल्हापूरकडची, सहावा महिना, मांडीवर कापडी पिशवी. मी मराठीत विचारलं तसा तिचा चेहरा सैल पडायला हवा होता. उलट ती दचकली आणि म्हणाली, "तुम्हीपण मराठी?"

त्या दचकण्याचा अर्थ मला तासाभराने कळला.

तिचा नवरा आदल्या दिवशी पहाटे घरातून निघून गेला होता. शिकलेला, चांगल्या पगाराचा इंजिनिअर. मोबाइल घरीच होता. उशाखाली चिठ्ठी होती: "मी जवळ राहिलो तर तुझ्या आणि बाळाच्या जिवाला धोका आहे. शोधू नकोस. तीन दिवसांनी सुटलो तर येईन."

"सुटलो म्हणजे कशातून?" मी विचारलं.

तिने पिशवी उलटी केली. आतून दोन कॅसेटी पडल्या.

दोन महिन्यांपूर्वी दोघं हौसेने नाडीपट्टी बघायला गेले होते. महाराष्ट्रातून एवढे लोक येतात, आपण तर इथेच राहतो, असा विचार. पुरुषाच्या उजव्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा, त्यावरून ताडपत्राचं पान शोधायचं, आणि पानावरचं तमिळ दुभाष्याने मराठीत सांगायचं, अशी तिथली पद्धत. पानात मृत्यू निघाला. तिसावं वर्ष संपायच्या आत, चाकाखाली. नवऱ्याने आधी कंपनीची बस सोडली, मग नोकरी. बुक केलेला फ्लॅट रद्द करून ती रक्कम शांतीला दिली. हिच्या पाटल्या गेल्या. तिसऱ्या खेपेला तो एकटाच चालत जाऊन आला आणि त्यानंतर हिच्याशी बोलेनासा झाला. तिसावा वाढदिवस पुढच्या आठवड्यात होता.

"त्यांनी सगळं बरोबर सांगितलं हो," ती म्हणाली. "ह्यांच्या आईचं नाव, गाव, मला दिवस गेलेत ते. घरीसुद्धा तेव्हा कुणाला माहीत नव्हतं."

"आत जाण्याआधी किती वेळ बसला होतात?"

"दीड-दोन तास. ते दुभाषी काका गप्पा मारत होते. कॉफी दिली. म्हणाले, जेवलीस का गं पोरी?" ती एकदम थांबली. "आठ महिन्यांत मला कुणी मराठीत जेवलीस का विचारलं नव्हतं, साहेब."

एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला. मी काहीच सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच उमगलं होतं की पानात जे निघालं ते तिनेच कॉफी पिता पिता सांगितलं होतं.

मी बेपत्ता माणसाची नोंद घेतली, वायरलेसवर वर्णन पाठवलं. हेड कॉन्स्टेबलांनी आपल्या क्वार्टरमधून टेपरेकॉर्डर आणला. पहिली कॅसेट लावली. आधी तमिळ पद्य ऐकू आलं, वाचणाऱ्याचा आवाज कंटाळलेला. मागून मराठी. मी तमिळ भाग तीनदा मागे नेऊन ऐकला. मास्तरांची आठवण झाली. पद्यात म्हटलं होतं, हा विद्येवर धन मिळवील, थोर आईचा पुत्र, ऐंशी पावसाळे पाहील. त्यावर मराठी आवाज म्हणत होता, "तिसावं ओलांडायचा योग दिसत नाही, पोरा. सांगताना मला वाईट वाटतं."

हेड कॉन्स्टेबलांना मराठी येत नव्हतं आणि त्या बाईला तमिळ. दोन्ही कळणारा त्या खोलीत मी एकटाच होतो. ऐंशी पावसाळ्यांचा माणूस त्या आवाजाने एका वाक्यात मारून टाकला होता.

ताडपत्रं सांभाळणाऱ्या सगळ्यांविषयी मी बोलत नाही. मी या एका दुभाष्याविषयी बोलतो आहे. अकराच्या सुमारास त्याला चौकशीसाठी आणलं. पन्नाशी उलटलेला, स्वच्छ धोतर, कपाळाला विभूती. माझं बोलणं ऐकताच तो खुलला. "अय्यो, आपलेच की तुम्ही! कुणाच्या घरचे?" बोलण्याची लकब अगदी माझ्या आईची. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आधी भीतीच वाटली.

चौकशीत आवाज चढवायचा नाही हा माझा नियम होता. घाबरलेला माणूस खरं बोलत नाही, सुटका होईल ते बोलतो. मी फक्त कॅसेट लावली. त्याने मान खाली घातली.

"तिसऱ्या खेपेला काय सांगितलंस? त्याची कॅसेट नाही."

"दक्षिणा नाही तर कॅसेट नाही, सार."

"सांगितलंस काय?"

"आठवत नाही."

तो खोटं बोलत नव्हता, हे मला नीट कळलं. वीस वर्षं खोटं बोलणारी माणसं पाहिली होती. याला खरोखरच आठवत नव्हतं. ज्या वाक्याने एक घर उभंच्या उभं कोसळलं होतं, ते वाक्य त्याने सुपारी थुंकावी तसं टाकून दिलं होतं.

मग तो वर बघून हळू आवाजात म्हणाला, "तुमचे वडील लवकर गेले, सार. पन्नाशी बघितली नाही त्यांनी."

वडील एकोणपन्नासाव्या वर्षी छत्राच्या चुलीपुढेच कोसळले होते. मला तेव्हा अठ्ठेचाळिसावं चालू होतं.

"तुमचंही पान आहे. अंगठा देता?"

दार उघडं होतं, पंखा फिरत होता, बाहेर हेड कॉन्स्टेबल कुणाला तरी लायसन्सवरून झापत होते. आणि मी, इन्स्पेक्टर, टेबलाखाली अंगठा मुठीत दाबून बसलो होतो. क्षणभर, खरं सांगतो, मला ते पान हवं होतं. त्या क्षणी त्या इंजिनिअरला मी मूर्ख म्हणणं सोडलं.

मग माझी नजर टेबलाच्या काचेवर गेली. काचेखाली वडिलांचा हार घातलेला फोटो होता. खांद्यावर आचाऱ्याचा पंचा, केस काळेभोर. फोटो त्याच्या बाजूनेही दिसत होता.

मी काचेवर फाईल ठेवली. म्हणालो, "बाहेर जी बाई बसली आहे तिला सहावा महिना आहे. आज तिच्या नवऱ्याचा दुसरा दिवस आहे. तो मेला तर कलम बदलेल. जे पैसे संपलेल्यांना सांगतोस, तेच यालाही सांगितलं असशील. काय सांगतोस त्यांना?"

तो पंख्याकडे बघत बोलू लागला.

"पैसे संपले की माणूस सारखा येऊन बसतो, सार. रडतो. त्याला कटवायला लागतं. मग सांगतो, तुझ्यामुळे घरच्यांना धोका आहे. अग्नी आणि समुद्र भेटतात तिथे जाऊन बस. तीन दिवस अन्न नाही, पाणी नाही."

"ती जागा कुठे आहे?"

"अशी जागा असते का कुठे?" तो जवळजवळ चिडून म्हणाला. "लोक दोन दिवस फिरतात आणि गावी निघून जातात!"

बाहेर येऊन मी तिला ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ती उठून उभी राहिली. "एन्नोर," ती म्हणाली. "लग्नाआधी ह्यांचं काम तिथल्या वीजकेंद्रात होतं. घरी फोटो आहे, मागे धुराच्या चिमण्या आणि पुढे समुद्र."

एन्नोर शहराच्या पार उत्तर टोकाला. आमच्या ठाण्यापासून चाळीस किलोमीटरच्या वर. आणि हा माणूस चाकाला घाबरून चालत गेला असणार. मी तिथल्या ठाण्याला फोन केला, जीप काढली. ती येणारच म्हणाली. सोबत एक महिला कॉन्स्टेबल घेतली. वाटभर त्याची बायको एकच विचारत होती, "पाण्याविना माणूस किती तास राहतो, साहेब?" मी दर वेळी वेगळं उत्तर दिलं.

दुपारी तीनला कोळ्यांच्या वस्तीपलीकडे तो सापडला. राखेने करडी झालेली वाळू, डोक्यावर वीजकेंद्राच्या चिमण्या. एका फुटक्या होडीच्या आडोशाला तो बसला होता, पण सावली केव्हाच सरकून गेली होती. ओठ फुटले होते. एक म्हातारी कोळीण कळशी घेऊन शेजारी उभी होती. मला तमिळमध्ये म्हणाली, "काल संध्याकाळपासून देतेय. घेतच नाही. याला वेड लागलंय की व्रत?"

मी त्याला सगळं सांगितलं. दुभाष्याची कबुली, ऐंशी पावसाळे, कॉफी. त्याने नीट ऐकून घेतलं. हुशार मुलगा होता. म्हणाला, "तुम्ही म्हणता ते खरं असेल, सर. पण उद्या संध्याकाळपर्यंतचाच प्रश्न आहे. नसेल खरं तर माझं काय जातंय?"

माझ्याकडचा पुरावा तिथे संपला.

ती गरम वाळूत फतकल मारून बसली. वाटभर नवऱ्याला "हे" म्हणणारी ती एकदम म्हणाली, "तुझं काय जातंय? बरं. मग मीपण नाही पीत. उद्या संध्याकाळपर्यंतचाच प्रश्न आहे."

"वेडी आहेस का? तुला चालणार नाही."

"का? पानात लिहिलंय?"

महिला कॉन्स्टेबल बाटली घेऊन पुढे झाली, पण त्याच्या बायकोने तिचा हात झटकला. घामाने तिचं कपाळ निथळत होतं. मी मध्ये पडणार होतो, पण म्हातारीने माझा शर्ट मागून धरला. मग त्याने कळशी ओढली आणि तिच्या तोंडाला लावली. तिने ओठ मिटून घेतले आणि बोटाने त्याच्याकडे दाखवलं. आधी तू.

तो प्याला. पिताना डोळे घट्ट मिटले होते त्याने, वरून काही कोसळेल तसे. पहिला घोट उलटला, दुसरा राहिला. मग ती प्याली, आणि मग त्याच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला.

त्याला सलाईन लावलं, जबाब घेतला, नाडीकेंद्राचा पंचनामा झाला. दुभाष्याला रीतसर अटक केली. ठसे घ्यायला शाईचं पॅड पुढे केलं, तेव्हा त्याने उजवा अंगठा मुठीत लपवला. "सार, सही घ्या ना. अंगठा नको." हजारोंचे अंगठे त्याने घेतले होते. माझा कॉन्स्टेबल हसला. मला हसू आलं नाही.

त्या प्रकरणाचं दोषारोपपत्र मीच लिहिलं. त्याला शिक्षा झाली. पण जे कुठल्याच कागदावर नाही ते इथे लिहितो. त्यानंतर माझी पन्नाशी ओलांडेपर्यंत, दोन-अडीच वर्षं, मी घरासाठी ठरवलेली जागा घेतली नाही, बढतीची बदली टाळली, मुलीला परगावी शिकायला जाऊ दिलं नाही. प्रत्येक वेळी कारण वेगळं दिलं, आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. बायकोलाही पटलं. फोटो त्याच्या बाजूने दिसत होता हे मला माहीत असूनही हे झालं. माझ्या मुलीचं एक वर्ष त्यात गेलं, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. ती हे वाचील.

एन्नोरच्या वाळूत मी शिकलो ते एवढंच. भीती माणसाच्या आत येते ती शहाणपणाचे कपडे घालून. "माझं काय जातंय" हे तिचं आवडतं वाक्य. ती वाद घालून जात नाही. जिच्यासाठी जगायचं ती शेजारी येऊन बसली, तरच भीती थोडी सरकते.

आता वर्षातून एकदा मी निवृत्तिवेतनाच्या कचेरीत हयातीचा दाखला द्यायला जातो. तिथली मुलगी मशीन पुढे सरकवते आणि म्हणते, "सार, उजवा अंगठा." मूठ उघडायला मला नेहमी थोडा वेळ लागतो. मशीनला माझ्या जिवंत असण्याची खात्री पटेपर्यंत मी श्वास रोखून धरतो. गेल्या वेळी रांगेत मागे उभ्या बायकोने पाठीवर हात ठेवला, म्हणाली, "ठेवा की. गेल्या वर्षीही होतातच."